अर्नाळ्याचा किल्ला आणि डब्यात उरलेल्या दोन शिंपल्या

नालासोपाऱ्यात आचोळ्याला राहायला येऊन आम्हाला सात वर्षं झाली. या सात वर्षांत आम्ही महाबळेश्वरला दोनदा, गोव्याला एकदा आणि शिर्डीला आठवत नाही इतक्या वेळा जाऊन आलो. घरापासून स्कूटरवर पाऊण तासावर असलेल्या अर्नाळ्याला मात्र एकदाही गेलो नाही. वालीवला माझ्या ऑफिसात आगाशीची एक मुलगी आहे. ती एकदा डबा खाताना म्हणाली, "तुम्ही नालासोपाऱ्यातले लोक इथे फक्त झोपायला येता." मला ते झोंबलं. झोंबलं, कारण खरं होतं. त्याच संध्याकाळी मी सुहासला जाहीर केलं की येत्या शनिवार-रविवारी आपण अर्नाळ्याला राहायला जातोय. नवरा रोज मुंबईला जाऊन-येऊन दमलेला असल्यामुळे शनिवारी लोळायचं सोडून स्कूटरवर बसायला तो सहजासहजी तयार होत नाही. ताजी सुरमई मिळेल म्हटल्यावर झाला.

फेब्रुवारीचे दिवस, हवेत गारवा. सकाळी साडेसहाला निघालो. रेल्वे ओलांडून पश्चिमेला येऊन सोपारा गाव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी असा रस्ता धरा. थोडा लांबचा आहे, पण सोपारा गाव मागे पडलं की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, विहिरी आणि फुलांची शेतं लागतात आणि आपण आपल्याच तालुक्यात आहोत यावर विश्वास बसत नाही. आगाशीत थांबून सुकेळी घ्या. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सोपटात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत, बांधून विकतात. आम्ही दोन पुड्या घेतल्या, त्यातली एक अर्नाळ्याला पोचेपर्यंत संपली. स्कूटर नसेल तर विरार स्टेशनच्या पश्चिमेकडून अर्नाळ्याची बस मिळते.

राहायची सोय ऑफिसातल्या मैत्रिणीने तिच्या ओळखीच्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे केली होती. वाडीत मागच्या बाजूला एक खोली, रात्रीचे तीनशे रुपये, जेवण वेगळं. सामान टाकलं, चहा-पाव घेतला आणि नऊच्या आत किनाऱ्यावर हजर झालो.

किल्ला बेटावर आहे. समोर दिसतो, हात लांब केला तर लागेल असा वाटतो, पण होडीशिवाय जाता येत नाही. धक्का वगैरे काही नाही. चपला हातात घ्यायच्या, गुडघाभर पाण्यातून चालत जायचं आणि कुणीतरी हात दिला की होडीत चढायचं. साडी नेसून जाऊ नका. मी पिवळा पंजाबी ड्रेस घातला होता आणि तोही कमरेपर्यंत भिजला. सुहासने त्याची ती लाल टोपी घातली होती, जी मी तीन वेळा कचऱ्यात टाकली आहे आणि त्याने तीन वेळा काढून आणली आहे.

आमची होडी हिराबायची. म्हणजे इंजिनावर तिचा नवरा बसतो, पण तो तोंड उघडत नाही, त्यामुळे होडी तिचीच म्हणायची. पन्नाशीची बाई, आवाज वाऱ्यावर मात करणारा. जाऊन-येऊन माणशी दहा रुपये. आम्ही बसल्यावर तिने फळीखालून दुधाच्या पावडरीचा एक जुना डबा काढला, वाळूतून उचलून आणलेल्या दोन शिंपल्या त्यात टाकल्या आणि झाकण लावलं.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमी दोगं."

"आणि बाकीचे?" होडीत बाजार करून घरी निघालेल्या आठ-दहा बाया होत्या.

"त्या गावच्याच. त्यांचं घर हाय पल्याड. पावन्याला घर नाय, म्हनून शिंपली. परत वाळूवर सोडलं का शिंपली पान्यात." मग बोट रोखून म्हणाली, "साडेबाराला खाली या. माज्याच होडीनं परत यायचं. ज्यानं आनलं त्यानंच न्यायचं, आमच्यात असंच हाय. नंतर पानी उतरतं, मग होडी रेतीत बसते."

आम्ही दोघांनी मान हलवली. फोनवर बोलताना 'हो हो, नक्की' म्हणतो तशी. मला ते डब्याचं प्रकरण फार गोड वाटलं आणि मी त्याचा फोटोही काढला.

दहा मिनिटांत पलीकडे. उतरल्यावर किल्ल्याच्या वाटेवर घरं लागतात. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, दारात जाळी विणत बसलेले पुरुष. पेशव्यांच्या काळातला हा किल्ला चांगला शाबूत आहे. दरवाजाच्या कमानीवर हत्ती आणि वाघ कोरलेले आहेत. आत गेल्यावर मी चाट पडले. तटाच्या आत चक्क भाजीचे वाफे, शंकराचं देऊळ, त्याच्यापुढे अष्टकोनी तळं आणि चारी बाजूंना समुद्र असून विहिरीला गोडं पाणी!

त्या विहिरीवरच संगीता भेटली. अठरा-एकोणीस वर्षांची, केसांना चापून तेल लावलेलं. तिने कळशीतून आमच्या ओंजळीत पाणी ओतलं. बोलता बोलता कळलं की ती हिराबायची मुलगी. बारावी झालेली, बेटावरून रोज होडीने जाऊन-येऊन शिकलेली. त्याच दिवशी दुपारी तीन वाजता वसईला एका मिशनच्या दवाखान्याच्या नर्सिंग शाळेत तिची मुलाखत होती. साडेबाराच्या होडीने ती आईबरोबर निघणार होती. इस्त्री केलेला ड्रेस घरी खुंटीवर टांगून ठेवला होता आणि तिथे शिंतोडा उडू नये म्हणून भावाला त्या खोलीत पाय ठेवायला बंदी होती.

"भीती वाटते का?" मी विचारलं.

"वाटते ना. गेल्या सालीपन बोलावलेलं, तवा बापाला ताप होता, जायला नाय मिळालं. आता या सालीपन नाय झालं तर बाबा म्हंतो, लगीन करून टाकू."

मी तिला मोकळेपणाने दहा सल्ले दिले. सल्ले द्यायला मला आवडतं. नजर वर ठेव, हळू बोल, येत नसेल ते येत नाही म्हणून सांग. तिने सगळे ऐकून घेतले आणि कळशी उचलून गेली.

आम्ही मागच्या बाजूने तटाबाहेर पडून खडकांवर जाऊन बसलो. बेटाच्या या बाजूला माणूस नाही, नुसता समुद्र. बारा वाजले तशी सुहासच्या पोटात सुरमई पोहायला लागली. तेवढ्यात खडकांच्या कडेला एक होडी आली. खाडीपलीकडच्या दातिवऱ्याची माणसं, सुकी मासळी भरून परत निघालेली. त्यांनीच विचारलं, "अर्नाळ्याला सोडू का? वाटेतच हाय." सुहासने माझ्याकडे पाहिलं. किल्ल्याला वळसा घालून परत चालत जा, साडेबारापर्यंत उन्हात थांबा, त्यापेक्षा हे बरं.

"हिराबायला सांगायला नको?" मी म्हटलं. हे मी म्हटलं खरं, पण म्हणता म्हणता चढलेसुद्धा होते.

"पैसे दिलेत आपण दोन्ही वेळचे. तिचं काय नुकसान?" सुहास म्हणाला. मला ते पटलं. त्या माणसांनी आम्हाला किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला उतरवलं आणि ती आपल्या वाटेने दातिवऱ्याला गेली.

सुरमई अप्रतिम होती. तळलेली, सोबत तांदळाची भाकरी आणि कैरी घातलेलं कालवण, साठ रुपयांत पोट फुटेस्तोवर. जेवलो आणि वाडीतल्या खोलीत पंखा लावून गाढ झोपलो. उठल्यावर कळलं की माझी ओढणी कुठेतरी राहिली. पिवळीच होती, ड्रेसची. वाऱ्याने गेली असेल म्हणून सोडून दिली. सूर्यास्ताला किनाऱ्यावर गेलो तर किल्ल्याच्या मागे सात-आठ होड्या इकडून तिकडे फिरत होत्या. मावळतीचा प्रकाश आणि त्या होड्या, फारच सुरेख दिसत होतं. सुहासने फोटो काढला आणि खाली काय लिहायचं तेही ठरवलं: 'अर्नाळ्याची संध्याकाळची मासेमारी.' तो फोटो माझ्याकडे अजून आहे. इथे टाकणार नाही.

रविवारी सकाळी मासे घ्यायला किनाऱ्यावरच्या बाजारात गेलो. एक म्हातारी कोळंबी विकायला बसली होती आणि शेजारणीला तावातावाने सांगत होती.

"दोगंपन गेली गो. नवरा-बायको. खडकावर बसलेली, लाट आली आन् घेऊन गेली."

"अरेरे," मी म्हटलं. मी मनापासून हळहळले. शिवाय वर म्हणाले, "लोक ना, कुठेही जाऊन बसतात. अक्कल नसते."

"तर काय! ओडनी मिळाली खडकावर. काल दीसभर सगळ्या होड्या शोधत होत्या. हिराबायच्या डब्यात दोन शिंपल्या राह्यल्या तशा. ती जेवली नाय कालपासून. आता परत निघतील, पान्यात उतरनारी पोरं बोलावलीत." मग तिने कोळंबी तोलत वर पाहिलं. "बाईचा पिवळा डरेस होता म्हंतात आन् बाप्याच्या डोक्यावर..."

ती थांबली. तिची नजर सुहासच्या टोपीवर होती.

खोटं कशाला सांगू, माझा पहिला विचार पळून जायचा होता. सुहासने टोपी काढून खिशात कोंबली आणि मी त्याचा दंड धरून चार पावलं चाललेही. खोलीवरून सामान घ्यायचं, स्कूटर काढायची, तासाभरात आचोळं. आम्हाला इथे कोण ओळखतं? आमचं नावसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. पण समोर पाण्याच्या कडेला तीन होड्या निघायच्या तयारीत होत्या आणि त्यातल्या एका होडीत कमरेला दोर बांधून घेणारी पोरं मला दिसत होती. त्या खडकांमध्ये ती पोरं आमच्यासाठी बुड्या मारणार होती. लाज मला नेहमी पायांत वाटते, पाय जड होतात. ते झाले. मी सुहासला म्हटलं, "टोपी घाल." त्याने घातली. तो माणूस चांगला आहे, हे मी इथे लिहून ठेवते.

आम्ही त्या होडीपर्यंत पाण्यातून गेलो आणि मी ओरडून सांगितलं, "आम्हीच ते. आम्ही जिवंत आहोत. आम्ही दातिवऱ्याच्या होडीने आलो काल. न सांगता." दोर बांधणाऱ्या पोरांचे हात थांबले. मग एकाने अशी शिवी दिली की ती मला पुरेपूर पोचली, आणि त्यानेच मला होडीत ओढून घेतलं.

पलीकडे हिराबाय वाळूवर उभी होती. मी माफीचं भाषण तयार केलं होतं. तिने ते सुरूच होऊ दिलं नाही. दोन्ही हातांनी माझे गाल धरले, दाबून पाहिले, सुहासच्या छातीवर थाप मारून पाहिली आणि मग माझ्या पाठीत असा दणका घातला की माझी आई आठवली.

"जित्ती हायेस! मेले, सांगून जायाला तोंड नव्हतं?" आणि ती रडायला लागली. तिच्याबरोबर मीही रडले. तिचा नवरा, जो आदल्या दिवशी एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, "च्या करा," आणि पुन्हा गप्प झाला.

चहा पिताना मला संगीता दिसली. दाराशी उभी होती आणि तिच्या मागे खुंटीवर तो इस्त्रीचा ड्रेस होता. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी विचारलं नाही, ते मला दिसलंच. साडेबाराला आम्ही आलो नाही म्हणून होडी थांबली. एक वाजता शोध सुरू झाला. ओढणी सापडल्यावर गावातल्या सगळ्याच होड्या मागच्या बाजूला गेल्या. पाणी उतरलं, होडी रेतीत बसली, परत पाणी चढेपर्यंत साडेपाच झाले. तीनची मुलाखत तीनलाच होऊन गेली होती.

"राहूदे ताई," ती म्हणाली. "तुमी जित्ते हाव ना."

मला तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. निवड झालेल्यांची यादी सोमवारी लागणार होती. मी हिराबायला म्हटलं, "उद्या सकाळी हिला घेऊन वसईला जाते. काय झालं ते मी स्वतः सांगते तिथे." हिराबाय म्हणाली, "कोनच्या होडीनं येनार ते सांगून जा." त्या घरात हसू फुटलं ते तेव्हा. तिनेच आम्हाला परत आणून सोडलं आणि अर्नाळ्याच्या वाळूवर आमचे पाय टेकल्याबरोबर डबा उघडून दोन्ही शिंपल्या जोर लावून लांब समुद्रात फेकल्या.

सोमवारी मी रजा टाकली. संगीताला विरारला घेतलं आणि आम्ही बसने वसईला गेलो. शाळेच्या मुख्य सिस्टर साठीच्या, चष्म्यावरून पाहणाऱ्या. मुलाखती संपल्या, आता काही होणार नाही, असं त्यांनी खुर्ची न देताच सांगितलं. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. दातिवऱ्याची होडी, सुरमई, दुपारची झोप, सगळं. स्वतःची मूर्ख वागणूक अनोळखी माणसापुढे ओळीने सांगणं फार अवघड असतं. पण एकदा सुरू केलं की जमतं.

सिस्टर म्हणाल्या, "उशीर झालेली प्रत्येक मुलगी कारण सांगते. कारण स्वतःच्या पायांनी चालत आलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं." मग संगीताकडे वळल्या. "तुझी आई थांबली ते समजलं. तू का थांबलीस? आधी मला पोचव, मग शोध, असं म्हणायचंस. होडी तर तेव्हा पाण्यातच होती."

"आय तसंच म्हनाली होती, सिस्टर," संगीता म्हणाली. हे मला ठाऊक नव्हतं. मी तिच्याकडे वळून पाहिलं. "आय म्हनाली, तुला सोडून येते. मीच नको म्हटलं. आमची होडी सगळ्यात मोठी, ती गेली असती तर शोधायला लहान होड्याच राह्यल्या असत्या. बुडनारं मानूस थांबत नाय. मुलाखत थांबंल, असं मला वाटलं."

 सिस्टरनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुम्ही बाहेर बसा," त्या मला म्हणाल्या, आणि संगीताला, "तू बस." या वेळी खुर्ची दाखवून.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. काय विचारलं, काय सांगितलं, तिला काहीच धड आठवत नव्हतं. आम्ही समोरच्या टपरीवर वडापाव खाल्ला आणि चार वाजेपर्यंत पायरीवर बसून राहिलो. यादी टाइप केलेली होती. सगळ्यात शेवटी, निळ्या शाईने, हाताने लिहिलेलं एक नाव होतं. संगीताने ते तीनदा वाचलं आणि मग मला म्हणाली, "ताई, वाचा ना तुमी." मी मोठ्याने वाचलं.

किल्ल्याला जरूर जा. सकाळी लवकर निघा, टोपी आणि पाणी न्या, गोडी विहीर बघायला विसरू नका, आणि ज्या होडीने जाल तिनेच परत या. दुसऱ्या होडीत बसायचंच असेल तर कुणाला तरी सांगा, गावात निरोप पोचायला वेळ लागत नाही.

आचोळ्याला घरी परतल्यावर सुहासने भात लावला आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून त्याला सगळं सांगितलं. शेवटचं तेवढं राहिलं होतं, परतीच्या बसमध्ये संगीताने बोलता बोलता सांगितलेलं. ती खडकांवरून तीन तास आम्हाला हाका मारत फिरत होती. आम्ही पंख्याखाली झोपलो होतो तेच ते तीन तास. "पन ताई," ती म्हणाली, "तुमचं नावच ठावं नव्हतं. म्हनून नुसती ओ ताई, ओ ताई करत होते."

सुहासने गॅस बारीक केला. त्यानंतर आम्ही पुष्कळ ठिकाणी हिंडलो. होडी असो, जीप असो, टमटम असो, बसताना मी आधी माझं नाव सांगते. वैशाली. लोक हसतात, पण लक्षात ठेवतात.